कमरेला पिस्तूल, तर ‘अरे’ला ‘कारे’ नाही

पत्र: “मी ह्यूस्टनमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे. गॅस स्टेशन आणि त्याला लागून असलेलं दुकान चालवतो. रोज रात्री अकराला गल्ला घेऊन निघावं लागतं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी लायसन्स काढलं आणि तेव्हापासून शर्टाखाली कमरेला पिस्तूल बाळगतो. मागच्या आठवड्यात पार्किंगमध्ये जागेवरून एका पिकअपवाल्याशी वाजलं. तो काच खाली करून शिव्या देत होता, ‘गो बॅक’ वगैरे म्हणाला. मी उतरलो, त्याच्या खिडकीपाशी गेलो, शर्टावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘यू डोन्ट नो व्हॉट आय हॅव.’ तो गप्प झाला आणि निघून गेला. बायको शेजारच्या सीटवर होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, ‘एक तर ते पिस्तूल घरात ठेव, नाहीतर तुझा राग.’ मी पिस्तूल बाहेर काढलंसुद्धा नाही. माझं काय चुकलं? आणि असं कोणी अंगावर आलं तर बोलायचं तरी काय?”

उत्तर:

वहिनी का गप्प बसल्या, तिथूनच सुरुवात करू. त्या गाडीत होत्या आणि तुम्ही पिकअपच्या खिडकीशी होतात. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल घेऊन फिरायला लायसन्सही लागत नाही. म्हणजे त्या पिकअपच्या सीटखाली पिस्तूल असणं अगदी शक्य होतं. त्याने तुमचं वाक्य ऐकलं, तुमचा हात शर्टावर पाहिला आणि घाबरून गोळी झाडली असती, तर तुमच्या मागे वहिनी बसल्या होत्या. तुम्हाला त्या अर्ध्या मिनिटात तो माणूस दिसत होता. त्यांना हे सगळं दिसत होतं.

तुम्ही लिहिता, पिस्तूल बाहेर काढलं नाही. खरं आहे, पण वापरलंत. शर्टावरचा हात आणि ते वाक्य मिळून पिस्तूल दाखवल्यासारखंच झालं. समोरच्याला गप्प करण्याचं काम तुमच्या शब्दांनी केलं नाही, त्या शब्दांमागच्या लोखंडाने केलं.

कायदा याकडे कसा बघतो ते नीट समजून घ्या, कारण बरेच लायसन्सवाले इथे चुकतात. टेक्सासच्या दंडसंहितेच्या ९.३१ कलमात स्पष्ट लिहिलंय, की नुसत्या बोलण्याने डिवचलं म्हणून बळाचा वापर समर्थनीय ठरत नाही. शिवी कितीही घाणेरडी असो, तुमच्या देशावरून, रंगावरून, आईवरून असो, ती शिवीच राहते. त्याच कलमात पुढे असंही आहे, की भांडण तुम्हीच चिथावून पेटवलं असेल तर स्वसंरक्षणाचा दावा टिकत नाही. तो परत मिळवायचा तर आधी तुम्ही स्पष्टपणे माघार घेतलेली असावी लागते आणि तरीही समोरचा थांबलेला नसावा लागतो. आता स्वतःच्या गाडीतून उतरून चालत त्याच्या खिडकीपर्यंत गेलेला माणूस न्यायालयात काय सांगणार?

सार्वजनिक जागी लोक घाबरतील अशा बेताने शस्त्र दाखवणं हा ‘डिसऑर्डर्ली कंडक्ट’चा गुन्हा, १८० दिवसांपर्यंत जेल. कुणावर जाणूनबुजून पिस्तूल रोखलं तर ‘डेडली कंडक्ट’, एक वर्षापर्यंत जेल, आणि ‘मला वाटलं त्यात गोळी नाही’ हा बचाव चालत नाही. शस्त्र दाखवून इजा करण्याची धमकी दिली तर थेट ‘ॲग्रव्हेटेड असॉल्ट’, दुसऱ्या दर्जाची फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा: २ ते २० वर्षं आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. यातला कुठलाही गुन्हा नुसता दाखल झाला तरी लायसन्स निलंबित होतं. तुमचं वाक्य यातल्या कुठल्या खणात पडेल, हे त्या माणसाने ९११ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करून काय सांगितलं असतं त्यावर ठरलं असतं. ‘ही थ्रेटन्ड मी विथ अ गन.’ एवढी पाच-सहा शब्दांची तक्रार पुरते, आणि पोलिस येतात तेव्हा शर्टाखाली पिस्तूल सापडतंच. आधी फोन करणारा तक्रारदार आणि दुसरा संशयित, अशीच सुरुवात बहुतेक वेळा होते.

यात ९.०४ हे एक कलम आहे, त्याचा आधार बरेच जण घेतात. बळ वापरणं समर्थनीय असेल अशा वेळी, ‘गरज पडली तर प्राणघातक बळ वापरीन’ एवढी जाणीव देण्यापुरतं शस्त्र काढणं हे प्राणघातक बळ मानलं जात नाही, असं ते सांगतं. मेख पहिल्या अटीत आहे. बळ वापरणं समर्थनीय असेल तर. जागेवरून झालेल्या शिवीगाळीत ते नव्हतं, म्हणून हे कलम तुमच्या उपयोगाचं नाही.

ह्यूस्टनच्या ईशान्येला हफमन नावाची वस्ती आहे. २०१० मध्ये तिथल्या एका लायसन्सधारकाला शेजारच्या पार्टीतल्या गाण्यांचा आवाज सहन झाला नाही. तो पिस्तूल, टॉर्च आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन तिकडे गेला. रस्त्यात उभं राहून वाद घातला, ९११ला फोन लावून ‘माझ्या जिवाला धोका आहे’ अशी लायसन्सच्या वर्गात शिकवतात तशी वाक्यं बोलत राहिला, आणि शेवटी गोळ्या झाडल्या. एक तरुण शिक्षक मेला, आणखी काही जण जखमी झाले. सगळं त्याच्याच कॅमेऱ्यात होतं. २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला खुनात दोषी ठरवून ४० वर्षांची शिक्षा दिली. ज्यूरीला दिलेल्या सूचनांमधल्या चुकीमुळे तो निकाल वरच्या न्यायालयात रद्द झाला. २०१५ मध्ये खटला पुन्हा चालला, पुन्हा दोषी, आणि या वेळी जन्मठेप. त्या माणसाला योग्य शब्द पाठ होते. पण तो आपल्या पायांनी भांडणापर्यंत चालत गेला होता, आणि ज्यूरीने शब्दांआधी पाय पाहिले.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे. पिस्तूल कमरेला लावलं त्या क्षणापासून कुठलाही वाद जिंकायचा हक्क तुम्ही घरी ठेवून निघालात असं समजा. पार्किंगची जागा त्याची, चूक तुमची, शेवटचा शब्दही त्याचा. मराठी माणसाला ‘अरे’ला ‘कारे’ म्हणायची सवय आहे, आणि रिकाम्या हाताने ते कधीकधी शोभतंही. शर्टाखाली भरलेलं पिस्तूल असताना शोभत नाही, कारण तुमचा ‘कारे’ कुठे जाऊन थांबेल हे तुम्ही ठरवत नसता. समोरच्याने तुम्हाला ढकललं, तुम्ही खाली पडलात, त्याचा हात तुमच्या कमरेला लागला, तर आता त्या भांडणात एक पिस्तूल आहे, आणि ते तुम्ही आणलंय. लायसन्सधारकाच्या कुठल्याच मारामारीत ‘नुसती’ हातापायी नसते.

तुमच्या लायसन्सच्या वर्गाची आठवण करून देतो. चार ते सहा तासांच्या त्या वर्गात कोणते विषय हवेत हे कायद्याने ठरवून दिलंय: शस्त्रांचे कायदे, पिस्तुलाचा सुरक्षित वापर, मुलांपासून शस्त्र दूर ठेवणं, आणि चौथा, हिंसा न करता वाद मिटवणं. ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या आणि २५० पैकी किमान १७५ गुण, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. चौथ्या विषयाची परीक्षा मात्र पार्किंगमध्येच होते.

आता बोलायचं काय ते. वाक्यं आधीच ठरवून ठेवा, तीन किंवा चार, इंग्रजीत, लहान, आणि मोठ्याने म्हणून पाठ करा. अंगात अड्रेनलिन चढलं की आवाज चिरका होतो, हात थरथरतात, नजर एका बिंदूवर खिळते आणि नवीन वाक्य सुचत नाही. सुचतं ते जुनं, सवयीचं, आणि आपल्या सवयीत ‘तुला माहितीये का मी कोण आहे’ हेच असतं. त्याऐवजी ‘सॉरी, माय फॉल्ट.’ ‘यू आर राइट, आय ॲम लीव्हिंग.’ ‘आय डोन्ट वॉन्ट एनी ट्रबल.’ बस. स्वर नेहमीपेक्षा थोडा खालचा, गती नेहमीपेक्षा संथ. आवाज चढला की समोरचाही चढवतो, उतरवला की तो बऱ्याचदा नकळत उतरतो. ‘काम डाऊन’ म्हणू नका. चिडलेल्या माणसाला ते ‘तू वेडा आहेस’ असं ऐकू येतं. प्रश्न विचारू नका, कारण ‘व्हॉट इज युअर प्रॉब्लेम’ला उत्तर येतंच. ‘पण’ वापरू नका. ‘सॉरी, बट यू...’ ही माफी नसते, भांडणाचा दुसरा अंक असतो. आणि माफी अर्धवट नको. चूक त्याची होती की तुमची, याचा हिशोब घरी करा.

हातांकडे लक्ष द्या, ते तुमच्या आधी बोलतात. दोन्ही तळहात उघडे, छातीच्या उंचीवर, समोरच्याकडे. ‘जाऊ द्या’ म्हणताना आपण करतो तसे. त्यात तीन फायदे आहेत: तो हात रिकामे बघतो, लांब उभे साक्षीदारही तुम्ही माघार घेताना बघतात, आणि तुमचा हात कमरेपासून लांब राहतो. तोंडाने बोलत असताना पाय मागे जात राहू द्या, तिरके, गाडीच्या दिशेने. पाठ फिरवून धावू नका. गाडीत असाल तर उतरूच नका. हा नियम इतका मोठा आहे की बाकी सगळं विसरलात तरी चालेल. काच बंद, दारं बंद, नजर रस्त्यावर. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायची सवय लावा, म्हणजे बाजूने निघायला जागा राहते. कोणी पाठलाग केला तर घरी जाऊ नका, उजेडाच्या, वर्दळीच्या जागी किंवा पोलिस स्टेशनकडे जा आणि चालवता चालवताच स्पीकरवर ९११ लावा. आधी रस्ता आणि दिशा, मग त्याच्या गाडीचा रंग आणि प्लेट, मग काय झालं. फोन तुटला तरी पोलिसांना निदान जागा कळलेली असते.

पिस्तुलाचा उल्लेख कधी करायचा, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न तोच आहे. उत्तर: भांडणात कधीच नाही. थेट नाही, आडून नाही, हावभावाने नाही. ते काढण्याइतकं कारण असेल तर सांगत बसायला वेळ नसतो. आणि कारण नसेल तर सांगणं हीच धमकी. समोरचा तुमच्यावर किंवा दुसऱ्यावर प्राणघातक हल्ला करतोय, किंवा खून, अपहरण, बलात्कार, लूटमार याच क्षणी होतेय आणि थांबवायला दुसरा तातडीचा मार्ग नाही, तो प्रसंग वेगळा. तिथे आवाज मोठा हवा: ‘स्टॉप! स्टे बॅक!’ लहान, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा हुकूम, त्यात शिवी नाही, ‘किल’ नाही, ‘शूट’ नाही. ते शब्द त्याला थांबवण्यासाठी असतात आणि ऐकणाऱ्यांना कोण कोणाला थांबवत होतं हे कळण्यासाठीही. आणि भीती घालायला हवेत गोळी? अजिबात नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, आणि गोळी झाडली म्हणजे तुम्ही पिस्तूल दाखवण्यापुरते थांबला नाहीत.

गल्ल्याबद्दलही याच जागी सांगतो. रात्रीच्या चोरीत मालमत्ता वाचवायला प्राणघातक बळ वापरता येतं असं टेक्सासच्या ९.४२ कलमाबद्दल दुकानदारांमध्ये बोललं जातं. त्या कलमाला एकावर एक अटी आहेत आणि प्रत्येक अट तुमच्या बाजूने पटावी लागते, तीही ज्यूरीला. पैसे मागितले तर पिशवी द्या. शक्य असेल तर ती त्याच्यापासून दूर फेका आणि उलट दिशेने निघा. निघायची वेळ रोज बदला, पिशवी बँकेच्या पिशवीसारखी दिसू देऊ नका, आणि एवढी रोकड रोज एकट्याने घरी नेणं टाळता येतं का ते बघा. पिस्तूल घ्यायचं कारण तो गल्ला असेल, तर आधी गल्ल्याचाच बंदोबस्त व्हायला हवा.

शर्टावर गेलेल्या हाताकडे पुन्हा येतो, कारण तो नुसता रागाने गेला नसावा. होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायची पिस्तुलाची म्यान, सैल असेल, पट्टा मऊ असेल तर पिस्तूल दिवसभर हलतं, आणि माणूस दिवसभर ते चाचपत राहतो. मग तणावात हात आपोआप तिथेच जातो. घट्ट धरणारं, चाप पूर्ण झाकणारं, पिस्तूल काढल्यावरही तोंड न मिटणारं होल्स्टर घ्या, कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं चालेल. त्याखाली दीड इंची कडक पट्टा, आणि शर्ट नेहमीपेक्षा एक माप मोठा. निघण्यापूर्वी आरशासमोर हात वर करा, वाका, बसा. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसा, म्हणजे शर्ट मागून वर सरकत नाही. इथे होल्स्टरमधलं पिस्तूल चुकून दिसलं तर तो गुन्हा नाही, पण ते पाहून घाबरलेला माणूस ९११ला काय सांगेल हे तुमच्या हातात नसतं. एकदा बाहेर पडलात की घरी येईपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही. नीट करायचं असेल तर स्वच्छतागृहाच्या बंद दाराआड.

तिथलाही एक धोका आहे. पँट खाली करताना पिस्तूल होल्स्टरसकट पँटच्या मधल्या भागात राहू द्या. हुकला किंवा कागदाच्या डब्यावर ठेवलं की विसरलं म्हणून समजा. निसटून पडू लागलं तर पडू द्या, झेलू नका. आजची बहुतेक पिस्तुलं नुसती पडली म्हणून सुटत नाहीत, झेलणाऱ्याचं बोट चापात अडकलं की सुटतात. होल्स्टरमध्ये परत घालताना घाई नको: शर्टाचं टोक, जॅकेटच्या नाडीची गाठ चापाजवळ आली की गोळी सुटते आणि ती मांडीत जाते. डोळ्यांनी बघत, सावकाश. रोज काढ-घाल करण्यापेक्षा होल्स्टरसकट काढून तसंच तिजोरीत ठेवणं बरं.

पोलिसांनी गाडी थांबवली तर काय, हेही तुम्हाला लागणारच. रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरून. टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि तुमच्याकडे पिस्तूल असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर पिस्तुलाचं लायसन्सही दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण खिशाकडे हात नेण्याआधी बोला, आणि वाक्याची सुरुवात ‘गन’ने करू नका. रस्त्याच्या आवाजात त्याला तेवढाच एक शब्द ऐकू जाऊ शकतो. ‘ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी. इट इज ऑन माय राइट साइड. माय वॉलेट इज इन माय लेफ्ट पॉकेट. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?’ आणि थांबा. पाकीट म्हणूनच पिस्तुलाच्या उलट्या बाजूला ठेवायचं, आणि इन्शुरन्सचा कागद सनव्हायझरला. पिस्तूल असलेल्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये कधीच नाही. तो म्हणाला तेच करा, करण्याआधी काय करताय ते तोंडाने सांगा, आणि त्याने स्पष्ट सांगितल्याशिवाय पिस्तुलाला हात नाही. गरज वाटल्यास त्याला ते ताब्यात घ्यायचा अधिकार आहे, त्यावर वाद घालू नका. तो उभा असताना गाडीत मराठीत बोलू नका. वहिनी ‘घाबरू नको’ म्हणाल्या तरी त्याला न कळणारी भाषा म्हणजे कुजबुज. मागच्या सीटवर मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, पोलिसकाकांशी फक्त बाबा बोलतील.

दुकानांच्या दारावर दंडसंहितेच्या ३०.०६ कलमाची पाटी असते, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, एक इंच उंच अक्षरांत: छुपं पिस्तूल घेऊन आत येऊ नका. ती नजरेतून सुटली आणि आत गेलात तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण कोणी तोंडी सांगितलं आणि तरी गेला नाहीत, तर तोच गुन्हा क्लास ए होतो, वर्षापर्यंत जेलचा. ‘मला हक्क आहे’ हे वाक्य इथे किती महाग पडतं बघा. ‘सॉरी, लीव्हिंग नाऊ’ म्हणा आणि चालू लागा. लाल ५१ टक्क्यांची पाटी असलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होणाऱ्या बारमध्ये मनाईच आहे, आणि आमच्या मते जिथे एक घोट घ्यायचा तिथे पिस्तूल नकोच. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असेल तर शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे, सुट्टीचा दिवस असला तरी. गाडीत कुलूपबंद डब्यात ठेवण्यापेक्षा त्या दिवशी घरीच ठेवा. पार्किंगमधून गाडी फोडून पिस्तूल चोरीला जाणं इथे नवीन नाही, म्हणून गाडीवर बंदुकीचे स्टिकरही लावू नका.

आणि बोलण्याची शिस्त भांडणापुरती नाही. मित्रांत ‘आता कोणी नडला तर दाखवतोच’, व्हॉट्सॲपवर पिस्तुलाचा फोटो आणि खाली एखादी फुशारकीची ओळ, हे सगळं उद्या सरकारी वकिलाच्या हातात असतं, तारखेसह, भाषांतरासह. तुमच्याकडे पिस्तूल आहे हे वहिनींशिवाय कोणाला माहीत असायची गरज नाही. मुलांना मात्र अंधारात ठेवू नका, ती शोधतातच. त्यांना सांगा की आहे, कुलपात आहे, त्याला हात लावायचा नाही आणि शाळेत त्याविषयी बोलायचं नाही. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तोही इथे गुन्हा आहे. किल्ली नव्हे, आकड्यांचं कुलूप किंवा बोटाच्या ठशाची छोटी तिजोरी घ्या.

तुम्ही ग्रीन कार्डवाले आहात म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. शस्त्र बाळगण्या-वापरण्याच्या कायद्याखाली शिक्षा झाली, तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण ठरू शकतं. अमेरिकन नागरिकासाठी जो किरकोळ गुन्हा, तो तुमच्यासाठी घरदार उठवणारा होऊ शकतो. म्हणून फौजदारी वकिलाने सुचवलेली कुठलीही तडजोड इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय मान्य करू नका. (एच-१बी वर असलेल्या वाचकांसाठी: ठरावीक अपवाद सोडले, शिकारीच्या लायसन्ससारखे, तर संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला पिस्तूल जवळ ठेवायलाच मनाई आहे. मित्राचंही सांभाळायला घेऊ नका.)

मागच्या आठवड्याचं काय करायचं? त्या माणसाला शोधू नका, माफी मागायलाही नाही. डॅशकॅमचं चित्रण असेल तर जपून ठेवा, पुसू नका. एका फौजदारी वकिलाची तासभराची भेट घ्या आणि सगळं जसं झालं तसं सांगा. पोलिसांचा फोन आला तर सभ्यपणे नाव सांगा आणि ‘मी वकिलाशी बोलून सहकार्य करीन’ एवढंच म्हणा. आम्हाला लिहिलंत तसं दुसऱ्या कोणालाही लिहू नका.

पुढे कधी खरोखर शस्त्र काढावं लागलं, गोळी न झाडता धोका टळला, तरी पहिला फोन तुमचाच असू द्या. जागा, ‘माझ्यावर हल्ला होत होता’, तो कसा दिसतो आणि कुठे गेला, तुम्ही कोणते कपडे घातलेत, पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवलंय. पोलिस आले की साक्षीदार आणि पुरावे बोटाने दाखवा, तक्रार आहे म्हणा, आणि तिथे थांबा. किती फूट, किती सेकंद, तो काय काय बोलला, हे अड्रेनलिन उतरल्याशिवाय अचूक सांगता येत नाही, आणि चुकलेला आकडा नंतर खोटा ठरतो.

वहिनींच्या वाक्याबद्दल आमचं मत तुम्हाला आवडणार नाही. त्या बरोबर आहेत. पुढचा एक महिना पिस्तूल तिजोरीत ठेवा. त्या महिन्यात रस्त्यावर, दुकानात, पार्किंगमध्ये जो जो वाद समोर येईल तो हरायचा सराव करा, रिकाम्या कमरेने, वर लिहिलेल्या वाक्यांनी. गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांवरून भांडेल, कोणी हॉर्न मारेल, कोणी बोट दाखवेल. महिनाभरात एकदाही गाडीतून उतरला नाहीत आणि एकदाही आवाज चढला नाही, तर पिस्तूल परत कमरेला लावायचं की नाही हे त्यांना विचारून ठरवा. नाही म्हणाल्या तर नाही.

हो म्हणाल्या तर दोघांत एक खुणेचं वाक्य ठरवा. ‘गॅसवर दूध राहिलंय’ असं काही, घरातलं, सहज म्हणता येईल असं. त्या ते म्हणाल्या की तुम्ही बोलत असाल ते अर्ध्यावर सोडायचं, गाडीत बसायचं आणि निघायचं. का म्हणालीस, हे त्यांना विचारायचं ते गाडी मुख्य रस्त्याला लागल्यावर.